परमुलुखाची ओळख आणि आपला बालवाचक

दहा-बारा वर्षांच्या मुलाला एखाद्या दूरच्या देशाची ओळख करून द्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. आणि तो सोपाच आहे असे गृहीत धरून आजवर निरनिराळ्या भाषांत जी असंख्य पुस्तके सिद्ध झाली, त्यांतील बहुतेकांची मांडणी एकाच साच्यातून निघाल्यासारखी आहे. प्रथम नकाशा, चतुःसीमा, राजधानी आणि लोकसंख्या. त्यामागून राष्ट्रीय पोशाख, दोन-तीन सण, एखादे हिमाच्छादित शिखर अथवा पुरातन देवालय. आणि शेवटी तेथील खाद्यपदार्थांची याद. यांतील एकही बाब खोटी नसते, चित्रेही पुष्कळदा सुबक असतात. तरी असे पुस्तक वाचून मिटल्यावर मुलाच्या मनात त्या देशातील एकही माणूस उभा राहत नाही. हॉलंड म्हटले की पवनचक्की आणि लाकडी बूट, जपान म्हटले की किमोनो आणि फुजी पर्वत, रशिया म्हटले की बर्फ, एवढाच मजकूर त्याच्यापाशी शिल्लक राहतो, आणि पुढे तो मोठा झाला, वर्तमानपत्रे वाचू लागला, तरी त्या त्या देशाविषयीच्या त्याच्या समजुतीचा पाया बहुधा तेवढाच असतो.

या विषयावरील जुनी-नवी पुस्तके आस्थेने चाळीत असता माझे जे मत बनत गेले ते येथे आरंभीच नमूद करतो. परक्या देशाची पहिली ओळख मुलाला त्या देशाविषयी लिहिलेल्या पुस्तकाने करून देऊ नये. त्या देशाने आपल्या स्वतःच्या मुलांसाठी जे लिहिले, त्याने ती करून द्यावी. माहितीपर पुस्तकाची गरज आहेच, परंतु त्याची पायरी दुसरी. ज्या मुलाशी आपली आधी दोस्ती झाली, त्याच्या गावाचा नकाशा पाहावासा वाटतो. अनोळखी माणसाच्या घराचा आराखडा कितीही सुरेख काढून दाखविला तरी त्यात मन रमत नाही.

या म्हणण्याला एक बळकट दाखला आहे. स्वीडनमधील शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने विसाव्या शतकाच्या आरंभी सेल्मा लागरलोफ या लेखिकेकडे, शाळांत वाचण्यासाठी देशाच्या भूगोलाचे एक पुस्तक लिहून द्यावे, अशी मागणी केली. लागरलोफबाईंनी काही वर्षे प्राणिजीवन, शेती, खाणी, लोककथा यांचा कसून अभ्यास केला आणि 1906 व 1907 साली दोन भागांत जे पुस्तक दिले ते भूगोलाचे क्रमिक पुस्तक राहिलेच नाही. जनावरांना छळणारा एक आळशी, द्वाड शेतकरीपुत्र शाप मिळून अंगठ्याएवढा होतो आणि घरच्या पाळीव हंसाच्या पाठीवर बसून रानहंसांच्या थव्याबरोबर दक्षिणेच्या सपाट शेतांपासून उत्तरेच्या लॅपलंडपर्यंत सारा देश आकाशातून पाहतो, अशी ही निल्सची कथा. ती लिहिताना लेखिकेच्या डोळ्यांपुढे केवळ स्वीडिश मुले होती. परंतु पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपानच्या शिकोकू बेटावरील अरण्याने वेढलेल्या एका खेड्यात, केन्झाबुरो ओए नावाच्या मुलाच्या हाती ते पुस्तक पडले. आणि 1994 साली साहित्याचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी हे ओए स्टॉकहोमला गेले तेव्हा त्यांनी आपल्या भाषणाचा आरंभच या पुस्तकाच्या आठवणीने केला. आपला देश महायुद्धात होरपळत असता जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलुख त्या मुलाच्या मनात घर करून राहिला, आणि हे काम परदेशी मुलांसाठी मुद्दाम रचलेल्या कोणत्याही पुस्तकाकडून झाले नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट बाजूचा दाखला हॉलंडचा आहे, आणि तो जरा विस्ताराने पाहणे इष्ट. अमेरिकेतील मेरी मेप्स डॉज या लेखिकेने 1865 साली ‘हान्स ब्रिंकर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्या वेळी तिने हॉलंड पाहिलेले नव्हते. इतिहासग्रंथांचे वाचन आणि शेजारी राहणाऱ्या डच कुटुंबाने सांगितलेल्या हकीकती एवढ्या भांडवलावर तिने ते लिहिले. गोठलेल्या कालव्यांवरील घसरशर्यत, चांदीच्या स्केट्सचे बक्षीस, आजारी बापाची चिंता वाहणारी गरीब भावंडे हे सारे तिने इतक्या जिव्हाळ्याने रंगविले की पुस्तक झपाट्याने लोकप्रिय झाले. या कादंबरीत एक लहानसे उपकथानक आहे: समुद्राच्या बांधाला पडलेले भोक एक मुलगा रात्रभर आपले बोट घालून बुजवून धरतो आणि गाव वाचवितो. हे कथानक मूळ पुस्तकातून निसटून जगभर पसरले, अनेक देशांतील क्रमिक पुस्तकांत गेले, आणि परदेशी प्रवासी हॉलंडमध्ये येऊन त्या मुलाचे स्मारक कोठे आहे अशी चौकशी करू लागले. अखेरीस 1950 साली स्पारंडाम या गावी त्याचा पुतळा उभारण्यात आला. ज्या मुलाला डच मुले फारशी ओळखत नव्हती, त्याचा पुतळा हॉलंडमध्ये परदेशी वाचकांनी उभा करविला.

आता या गोष्टीत उणीव कोणती? मुलाचे धैर्य खोटे म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण कथेतील धैर्य हे नेहमीच काहीसे कल्पित असते. उणीव ही की, या गोष्टीने हॉलंडच्या जीवनातील सर्वांत मोठी बाब झाकून टाकली. तेथील बांध मातीचे, रुंद पायाचे; ते फुटतात ते पाणी मुरून, खचून, आणि त्यापुढे एका बोटाचा काहीच इलाज चालत नाही. ज्या देशाचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, तो देश एका वीर बालकाच्या जोरावर टिकलेला नाही; तो टिकला पाणी-मंडळांच्या जोरावर. ही मंडळे तेराव्या शतकापासून अस्तित्वात आहेत. बांध, कालवे, दरवाजे यांची निगराणी करणे, त्यासाठी जमिनीवर पट्टी बसविणे, तिची वसुली करणे, हे सारे त्यांच्या अखत्यारात असते आणि त्यांच्या निवडणुका आजही होतात. 1953 साली फेब्रुवारीच्या आरंभी समुद्राने बांध फोडले आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे मृत्युमुखी पडली; त्यानंतर देशाने कित्येक दशके खर्चून नद्यांच्या मुखप्रदेशात धरणे व दरवाजे यांची प्रचंड योजना पुरी केली. शेजाऱ्याचा बांध खचला तर आपलेही घर बुडेल, ही जाणीव तेथे श्रीमंत-गरीब, कॅथॉलिक-प्रॉटेस्टंट अशा सर्वांना एका बैठकीला बसविणारी ठरली. हे मुलांना समजण्यासारखे नाही काय? कोकणातील खाजण जमिनीचा बांध ज्या गावाने मिळून राखला आहे, तेथील मुलाला तर ते एका क्षणात समजेल. परंतु अद्‌भुताचा मोह असा की, बोट घातलेला मुलगा सर्वांना ठाऊक आणि पट्टी गोळा करून सात शतके समुद्र थोपवून धरणारी पंचायत कोणालाच ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इंग्लंडमध्ये निघालेल्या देशवर्णनपर बालमालांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘पीप्स ॲट मेनी लँड्स’ ही लंडनच्या ब्लॅक कंपनीची माला त्यांतील प्रसिद्ध. रंगीत चित्रांनी सजविलेली ती पुस्तके राज्यकर्त्या समाजातील मुलांसाठी होती, आणि ज्यांच्यावर पुढे कारभार करावयाचा त्या लोकांकडे त्यांतून दुरून, किंचित वरून पाहिलेले आहे. त्यांच्या अनुकरणाने पुढे जगात इतरत्र जी पुस्तके निघाली, त्यांत राज्यकर्ते गेले तरी ती पाहण्याची उंची तशीच राहिली, हे खेदाने म्हणावे लागते.

ही उंची एका लेखकाने आपल्या हयातीत कशी उतरविली, याचे उदाहरण बेल्जियमच्या एर्जेचे आहे. टिनटिन या बालवार्ताहराच्या चित्रकथा रचणाऱ्या या चित्रकाराने 1930-31 मध्ये काँगोवर जी कथा रचली, तीत आफ्रिकी माणसे बाहुल्यांसारखी मूर्ख आणि आज्ञाधारक रेखाटली आहेत. काँगो तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता आणि एर्जेने तो देश पाहिलेला नव्हता. पुढे त्याने नायकाला चीनमध्ये पाठविण्याचे जाहीर करताच, चिनी विद्यार्थ्यांची देखभाल करणाऱ्या एका धर्मगुरूने त्यास सबुरीचा सल्ला दिला, आणि 1934 साली ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकणाऱ्या चांग चोंग-जेन या तरुणाशी त्याची गाठ घालून दिली. दोघे समवयस्क. चांगने त्याला चिनी कुंचल्याचे वळण दाखविले, मांचुरियात 1931 साली रेल्वेमार्गावर घडवून आणलेल्या स्फोटामागील कारस्थान समजावून दिले, आणि चित्रांतील रस्त्यांवरच्या पाट्या स्वहस्ते चिनीत लिहून दिल्या. ‘द ब्ल्यू लोटस’ या कथेत टिनटिन पुरातून एका चिनी मुलाला वाचवितो, आणि मग ते दोघे एकमेकांच्या लोकांविषयीच्या ऐकीव भयंकर समजुती एकमेकांना सांगून मनमुराद हसतात. बालसाहित्यात परक्या देशाविषयीचा गैरसमज हाच विषय करून तो इतक्या उघडपणे दूर केल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र एवढ्यावर थांबले तर आढावा अपुरा राहील. चीनविषयी इतका न्यायी असलेल्या याच पुस्तकात जपानी पात्रे दात पुढे आलेली, विद्रूप अशी काढलेली आहेत. एका देशातील मित्र भेटला म्हणून दुसऱ्या देशाविषयीचा पूर्वग्रह आपोआप नाहीसा होत नाही. प्रत्येक देशासाठी एकेक चांग भेटावा लागतो.

असे चांग घाऊक प्रमाणात मुलांना भेटविण्याची तजवीज ज्या बाईने केली, तिचे नाव येल्ला लेपमान. स्टुटगार्टमध्ये जन्मलेली ही ज्यू विधवा 1936 साली दोन मुलांसह नाझी जर्मनी सोडून इंग्लंडला गेली, आणि 1945 मध्ये, स्त्रिया व तरुण यांच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून, अमेरिकन सैन्याच्या गणवेशात त्याच उद्ध्वस्त जर्मनीत परतली. अन्न, कोळसा, छप्पर यांची चणचण असता तिने निरनिराळ्या राष्ट्रांना पत्रे लिहिली की, तुमच्या मुलांची उत्तम पुस्तके या मुलांसाठी देणगी द्या. ज्यांच्या भूमीवर जर्मन फौजा नुकत्याच येऊन गेल्या होत्या, अशांना ही विनंती होती! दोनदा आक्रमण सोसलेल्या बेल्जियमने प्रथम नकार दिला. तुम्हांलाच तिसऱ्या आक्रमणापासून स्वतःला वाचवावयाचे असेल तर ही मुले वेगळी वाढली पाहिजेत, अशा आशयाचे तिने उत्तर धाडले, आणि पुस्तके आली. 1946 साली म्युनिकला त्यांचे प्रदर्शन भरले. 1949 साली त्यातूनच आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय उभे राहिले. 1953 मध्ये झुरिकला बालग्रंथांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि 1956 पासून तिच्यातर्फे हान्स अँडरसनच्या नावाचे पारितोषिक देण्यात येऊ लागले. लेपमानबाईंनी जर्मन मुलांसाठी ‘फ्रान्सची ओळख’ किंवा ‘इंग्लंडची ओळख’ अशी पुस्तके लिहवून घेतली नाहीत. फ्रेंच मुले जे वाचतात तेच त्यांच्यापुढे ठेवले. आपल्या विषयावर विसाव्या शतकाने दिलेला हा सर्वांत शहाणा निवाडा होय, असे मी मानतो.

जपानकडे आता सविस्तर वळतो, कारण मराठी मुलाशी त्या देशाची जवळीक साधण्यास सामग्री विपुल आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची प्रेरणा मिळाली ती जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून, हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. पण माहितीपुस्तके जपानच्या चेरीच्या बहरावर आणि वेगवान गाड्यांवर पाने खर्च करतात, आणि तेथील प्राथमिक शाळेतील दुपारचा एक तास वगळतात. तो तास असा असतो. भोजनाची वेळ होताच त्या आठवड्याची पाळी असलेली पाच-सहा मुले पांढरे अंगरखे, पांढऱ्या टोप्या आणि तोंडावर फडकी चढवून स्वयंपाकघराकडे जातात आणि भाताचे, रश्शाचे, भाजीचे जड डबे व दुधाची खोकी गाड्यावर चढवून वर्गात आणतात. बाकीची मुले बाके जोडून ताटल्या मांडतात. पाळीची मुले डावाने वाढतात. कोणाला जास्त, कोणाला कमी होऊ नये इकडे त्यांचे लक्ष असते, आणि शेवटच्या मुलाचे ताट भरेपर्यंत कोणीही घास उचलीत नाही. मग सर्वजण हात जोडून कृतज्ञतेचा एक शब्द एकसुराने उच्चारतात आणि जेवू लागतात. शिक्षकही त्याच वर्गात, त्याच ताटलीत, तेच अन्न जेवतात. जेवण झाल्यावर भांडी रचून परत पोहोचविली जातात, आणि मग सारी शाळा झाडू व ओली फडकी घेऊन वर्ग, जिने, व्हरांडे, शौचकूपे साफ करते. लांब व्हरांड्यात फडक्यावर दोन्ही हात टेकून मुले ओणव्याने धावत जातात आणि त्यांच्यात शर्यतही लागते.

या प्रथेची पाळेमुळे दारिद्र्यात आहेत. 1889 साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरातील शाळेने डबा आणू न शकणाऱ्या गरीब मुलांना भाताचे मुटके, खारवलेला मासा आणि लोणचे मोफत देण्यास सुरुवात केली, तेथून हा उपक्रम धरला जातो. महायुद्धानंतरच्या उपासमारीत परदेशी मदतीच्या दुधावर तो पुन्हा उभा राहिला आणि 1954 साली त्याला कायद्याचे स्वरूप आले. आपल्या शाळांतूनही दुपारचे भोजन मिळते. तेव्हा आपले मूल हा तास वाचू लागले की, तेथील वाढपी कोण, झाडणारा कोण, हे प्रश्न त्याच्या मनात कोणी न विचारता उठतील. आणि आपल्याकडे झाडूचे काम कोणाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले, हा पुढचा प्रश्नही उठेल. परदेशाचे वर्णन याहून अधिक काय साधू शकते?

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे 1981 सालचे आत्मकथन मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने घरोघर पोहोचले. खिडकीशी उभी राहून रस्त्यावरील वाजंत्रीवाल्यांना हाका मारणारी मुलगी पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढली जाते, आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरविणाऱ्या तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिचे म्हणणे सकाळपासून जेवणवेळेपर्यंत ऐकत बसतात, हा प्रसंग महाराष्ट्रातील कितीतरी शिक्षकांच्या बोलण्यात येतो. या पुस्तकाने किती मराठी मुलांना जपान शिकविला याची मोजदाद करता येणार नाही. पण त्यातील डब्याचा नियम, की प्रत्येकाच्या डब्यात काही समुद्रातले आणि काही डोंगरावरचे असावे, हा मुलांना एकदा वाचून पाठ होतो, आणि तो पाठ झाला म्हणजे चहूकडून समुद्र आणि मधोमध डोंगर असा तो सारा देश भूगोलाच्या धड्याविना ध्यानात राहतो. पोलिओने अधू झालेल्या मित्राला झाडावर चढविण्याची धडपड, कोरियन मुलाला होणारी हेटाळणी, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलेली शाळा: सुखाबरोबर दुःख आणि गुणाबरोबर दोष यांचाही तपशील त्यात आला आहे. परदेशी लेखक यजमानाच्या संकोचाने जे लिहिणार नाही, ते घरचा माणूस लिहितो.

सण-उत्सवांच्या पानांपेक्षा खेळ आणि करमणूक यांचे दार मुलांना लवकर उघडते. 1930 नंतरच्या दशकात जपानी शहरांतून सायकलवर लाकडी चौकट बांधून फिरणारे कथेकरी असत. लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटून ते मुले जमवीत, गोळ्या-मिठाई विकत, आणि मग चौकटीतील चित्रे एकामागून एक सरकवीत गोष्ट सांगत. या कामिशिबाईचा व्यवसाय दूरचित्रवाणी आल्यावर बसला, पण शाळांतून आणि ग्रंथालयांतून ती कला जिवंत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावरील चित्रांच्या पोथ्या मांडून रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात. ज्या सिंधुदुर्गातील मुलाने ते पाहिले आहे, त्याला कामिशिबाई समजावून सांगण्याची गरजच नाही.

घरच्या माणसाने लिहिलेले सारेच खरे, असा माझा दावा नाही, आणि येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. महायुद्धात, 1943 साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती वरिष्ठांच्या हुकुमाने उपाशी ठेवून मारण्यात आले. त्यावरील युकिओ त्सुचिया यांची बालकथा 1951 सालची, आणि ती वाचून जपानी मुलांच्या पिढ्या रडल्या आहेत. परंतु कथेत टोकियोवर दररोज बॉम्ब पडत असल्याचे दाखविले आहे; वस्तुतः शहरावरील मोठे हल्ले 1944 च्या अखेरीस सुरू झाले. हत्ती मारण्याचा निर्णय बॉम्बच्या वर्षावात घाबरून घेतलेला नव्हता, तो त्याआधीच, थंड डोक्याने, लोकांच्या मनाची युद्धासाठी तयारी करण्याकरिता घेतला गेला. कथेने तो दोष आकाशातील विमानांवर टाकला. या प्रकरणाचा उत्तरार्ध आपल्या देशाशी जोडलेला आहे. हत्ती नसलेल्या त्या संग्रहालयासाठी जपानी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली आणि 1949 साली नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण त्यांना पाठविली. ही दोन्ही प्रकरणे जोडून, वयाला शोभेल इतक्या स्पष्टपणे, मराठी मुलांसाठी कोणीतरी लिहावीत.

हिरोशिमाच्या सादाको सासाकीचे प्रकरणही याच पंक्तीतले. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाने 1955 साली, बाराव्या वर्षी ती वारली. कागदाचे हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती इस्पितळात घड्या घालीत राहिली. एलेनॉर कोर या लेखिकेने 1977 साली इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकामुळे ती जगभर ठाऊक झाली. त्या पुस्तकात तिचे करकोचे हजाराला पुष्कळ कमी पडतात आणि उरलेले मैत्रिणी पुरे करतात. तिच्या घरच्या माणसांनी आणि हिरोशिमाच्या संग्रहालयाने सांगितलेली हकीकत निराळी आहे: तिचे हजार पुरे झाले, तरी ती थांबली नाही, पुढेही करीत राहिली. अपुरा संकल्प ही वाङ्मयीन सोय आहे. हजार पुरे होऊनही बरे न वाटणे आणि तरी हात चालू ठेवणे हे सत्य अधिक कठोर आहे, आणि मुलांना ते पेलते. तिच्या सोबत्यांनी शाळाशाळांतून वर्गणी जमवून 1958 च्या बालदिनी, 5 मे रोजी, हिरोशिमात स्मारक उभे केले, ही बाब तर मुलांनीच मुलांना सांगावी अशी.

मराठीत या बाबतीत आपल्याजवळ शिलकीत काय आहे? वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली सुरू केलेल्या ‘आनंद’पासून 1971 साली पाठ्यपुस्तक मंडळाने काढलेल्या ‘किशोर’पर्यंत मुलांच्या मासिकांनी देशोदेशीच्या गोष्टी दिल्या. पूर्वी रूपांतराची प्रथा होती. परदेशी मुलाला मराठी नाव देऊन पुण्या-मुंबईत आणून बसविले जाई. त्याने गोष्ट रंजक झाली, पण देश मात्र पुसला गेला. याच्या उलट राम पटवर्धनांचे ‘पाडस’ पाहावे. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 1938 सालच्या कादंबरीचा तो अनुवाद. फ्लॉरिडाच्या झुडुपी रानात मक्याच्या चार शेतांवर जगणाऱ्या बॅक्स्टर कुटुंबाचे नाव, अन्न, रान काहीही त्यांनी बदलले नाही. बापाला विषारी साप चावतो, तेव्हा तो समोरच्या हरिणीला गोळी घालून तिच्या काळजाने विष ओढून काढतो, आणि पोरक्या झालेल्या तिच्या पाडसाला त्याचा मुलगा ज्योडी घरी आणतो. तेच पाडस वाढून मक्याचे कोवळे पीक खाऊ लागते, तेव्हा पीक की पाडस असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेविषयी मराठी कुमारवाचकाच्या मनात गगनचुंबी इमारतींशेजारी ही भुकेची अमेरिका उभी आहे ती या एका पुस्तकाने. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे जे अनुवाद केले, तेही थोड्या मोठ्या मुलांना याच वाटेने नेणारे आहेत.

रशियाचा दाखला आणखी निराळा. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांनी जाड कागदावर, देखण्या चित्रांसह छापलेली मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत फार अल्प किमतीत आपल्याकडे येत. मॉस्कोत राहून अनिल हवालदार यांच्यासारख्यांनी ती भाषांतरित केली. ती पाठविण्यात सोव्हिएट सरकारचा स्वतःचा हेतू होता, आणि तेथील तुरुंग व छावण्या त्या पानांत कोठेही नव्हत्या, हे नोंदविले पाहिजे. परंतु व्हिक्टर द्रागून्स्कीचा देनिस सांज्याची लापशी खिडकीबाहेर ओततो आणि फोटो काढावयास निघालेल्या एका गृहस्थाच्या टोपीवर ती पडून पोलीस घरी येतो, हे वाचून सातारा-सांगलीच्या मुलाला मॉस्को आपल्या आळीतलेच वाटले, त्याला कोणत्याही सरकारचा हेतू आड आला नाही. सोव्हिएट संघ 1991 साली मोडला आणि हा ओघ आटला.

त्यानंतरच्या काळात उणिवा ठळक दिसतात. युरोप-अमेरिकेकडचे बरेच आले. पण बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार या शेजाऱ्यांच्या मुलांशी आपल्या मुलांची गाठ क्वचित पडते, आणि आफ्रिका तर अद्याप सिंह-जिराफांपलीकडे फारशी गेलेली नाही. इराणमध्ये 1965 साली स्थापन झालेल्या बालविकास संस्थेने, ‘कानून’ने, जे काम केले ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे: खेड्यातील शिक्षक समद बेहरंगी याची ‘छोटा काळा मासा’ ही कथा तिने 1968 साली प्रकाशित केली, तिच्या चित्रकाराला, फर्शीद मेस्घालीला, पुढे अँडरसन पारितोषिक मिळाले, आणि अब्बास किआरोस्तामी यांनी मुलांवरील चित्रपट याच संस्थेत राहून काढावयास आरंभ केला. ओढ्यातून निघून समुद्र शोधणाऱ्या त्या माशाची गोष्ट कोणत्याही मराठी मुलाला भिडेल.

आणखी एका वाचकाचा विचार येथे अवश्य व्हावा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात जन्मलेल्या मराठी मुलाला महाराष्ट्र हाच परदेश आहे. उत्तर अमेरिकेत मंडळांच्या मराठी शाळा आहेत. तेथे जी पुस्तके जातात त्यांत किल्ले, फेटे, नऊवारी आणि मोदक यांची तीच यादी पुन्हा येते, जी परक्यांनी आपल्याविषयी केली असता आपण नाराज होतो. त्या मुलाला एस्. टी.च्या थांब्यावर वाट पाहणारा, पाण्याच्या टँकरमागे धावणारा, दहावीच्या निकालाला घाबरलेला त्याच्या वयाचा मुलगा भेटला, तर आजोळ त्याला निराळे वाटू लागेल.

करावयाचे काय, याविषयी माझी मागणी मोठी नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग पिढ्यान्‌पिढ्या जपानी, जर्मन, रशियन, फ्रेंच शिकवीत आला आहे. त्या भाषा जाणणारी माणसे महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत, आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी कंपन्यांच्या पत्रव्यवहारात खर्ची पडते. प्रकाशकांनी आणि मासिकांनी त्यांना इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून, मूळ भाषेवरून, वर्षाकाठी चार-दोन बालपुस्तके करावयास सांगावीत, आणि मेहनताना वेळेवर द्यावा. जपानीपुरते बोलावयाचे तर आरंभ नीमी नानकिची याच्या 1932 साली प्रसिद्ध झालेल्या गोन नावाच्या कोल्ह्याच्या कथेने करावा. खोडकर गोन एका शेतकऱ्याने पकडलेली वाम पळवितो. काही दिवसांनी त्या शेतकऱ्याची आई वारल्याचे कळते आणि आपणच तिच्या तोंडचा शेवटचा घास काढला असे गोनला वाटू लागते. मग तो रोज गुपचूप चेस्टनट आणि अळंबी त्याच्या दाराशी ठेवू लागतो, आणि एके दिवशी चोरटा म्हणून त्याच शेतकऱ्याच्या बंदुकीला बळी पडतो. तेथील मुले ही कथा चौथीच्या वर्गात वाचतात. आपल्याकडेही ती त्याच वयाला द्यावी, नावे बदलू नयेत, शेवट मऊ करू नये, आणि खाली टिपा दोनच असाव्यात: चेस्टनट कसे दिसते व कोणत्या ऋतूत पडते, आणि तिकडे आजारी माणसाला वाम का खाऊ घालतात.